ट्रॅक्टरवरचा पेनड्राइव्ह

ट्रॅक्टरवाल्यांचे पेनड्राइव्ह पुन्हा घ्यायचे नाहीत, असं मी दर गळीत हंगामात ठरवतो. बारामतीत एसटी डेपोजवळ माझं डेटा काढून द्यायचं दुकान आहे. उसाची वाहतूक सुरू झाली की टेपात खोचलेले, गुडघा लागून मोडलेले पेनड्राइव्ह येऊ लागतात. आत काय, तर गाणी. डोक्याला ताप नुसता.

भवानीनगरचे तात्या आणि काकू आले तेव्हाही मी नाहीच म्हणणार होतो. तात्यांच्या गळ्याला मफलर, बोलत होत्या त्या काकू.

"घशाचं आपरेशन झालं, ह्यांचा आवाजच गेला. नात त्याच्यानंतरची. तिनं आज्याचा आवाज ऐकलाच न्हाय. ह्यांनी म्हणलेली गौळण मी फोनमधी घेतली हुती. फोन गेला. आता आमच्या ट्रॅक्टरवरच्या ह्या पेनड्राइव्हमधी तेवढी हाय बघा."

तात्या नुसते माझ्याकडं बघत होते. घेतला बाबा पेनड्राइव्ह.

आतला कंट्रोलर, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणारी चिप, मेलेला. मेमरीची चिप सुटी करून वाचली, पण नुसतं वाचून काय होतंय? लिहिताना हा कंट्रोलर मेमरीच्या प्रत्येक पानात, म्हणजे तुकड्यात, स्वतःचा ठरलेला नमुना कालवतो. तो वजा केल्याशिवाय सगळा चिखल. नमुना ओळखायची सोपी जागा म्हणजे शून्यांनी भरलेली रिकामी पानं, तिथं तो उघडा पडतो. पण रिकामी जागा ठेवतील ते ट्रॅक्टरवाले कसले? ठासून भरलेला, वर एकच गाणं चार-चार वेळा, हे काकूच सांगून गेल्या होत्या. आठवडाभर दुकान उघडल्यापासून तेच घेऊन बसलो. घरी आमटीत मीठ कमी म्हणून बायकोवर खेकसलो, मग त्याचीही लाज वाटली.

शेवटी वैतागून काकूंना फोन लावला. "ही गाणी आणली तरी कुठनं?"

"चौकातला मोबाइलवाला देतो की भरून. समद्या ट्रॅक्टरला तीच गाणी."

मी कपाळावर हात मारला. मूळ गाणं हातात असेल, तर कालवलेल्यातून ते वजा करायचं. उरतो तो नमुना. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचू नये?

दुसऱ्या सकाळी कारखान्यावर गेलो. उसाच्या रांगेत उभ्या ट्रॅक्टरवाल्याकडं पेनड्राइव्ह मागितला, तर तो म्हणतो, "लवकर आणून द्या सायेब, गाण्याबिगर रांगंत टाइम जात न्हाय." तिथंच टपरीवर लॅपटॉप उघडून गाणी उतरवून घेतली. मग कुठलं गाणं कुठं बसतंय ते जुळवत तीन दिवस गेले. जुळलं ते त्या चार वेळा भरलेल्या गाण्यानं. ज्याला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या, तेच.

काकू आणि तात्या आले. दोघांना बाकावर बसवून मी रेकॉर्डिंग लावलं. भरदार आवाज होता माणसाचा. काकू डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या, तात्या मफलर मुठीत धरून. मला वाटलं, गौळण संपली की फाइल संपेल. पण फोन बंद करायचा राहिला असावा, कारण थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, "च्या ठिवला का न्हाय अजून?"

"ठिवते की," असं म्हणत काकू माझ्या दुकानातल्या बाकावरून उठल्या.