वैशाखातले उघडे छप्पर

मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना नदी एके ठिकाणी दोन फाट्यांत वाहते. त्यांच्या मधल्या सखल बेटावर आमचे एकच घर आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडचा फाटा कोरडा पडतो. चपला न काढता पलीकडे जाता येते. पावसाळ्यात मी आणि पत्नी बेटावरच राहतो. त्याची सवय आहे. वैशाखात अडकण्याची नव्हती.

अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी मी घर शाकारतो. कौले उतरवायची, वासे तपासायचे, पुन्हा कौले चढवायची. हा दिवस वडिलांनी ठरवलेला. मी तो कधी मोडला नाही. त्या वर्षी आदल्या दिवशी कल्याणहून मुलाचा फोन आला.

"बाबा, चक्रीवादळ येतंय. दोन दिवस थांबा."

"वादळ समुद्राला. इथं डोंगर हाय," असे सांगून मी फोन ठेवला.

सोमवारी दुपारपर्यंत राहत्या घरावरची सगळी कौले अंगणात रचून झाली. रिकाम्या गोठ्यावरची तेवढी राहिली. मग वारा उलटा फिरला आणि पाऊस कोसळू लागला. वाडीवरून आलेले दोघे मजूर स्वतःची छपरे सांभाळायला गेले. मी त्यांना अडवले नाही. संध्याकाळपर्यंत कोरडा फाटा दुथडी भरला आणि मंगळवारी सकाळी पाणी ओटीवर चढले.

कणगीत लाल भाताचे बियाणे होते. ते वडिलांपासून आमच्या घरी आहे; बाजारात मिळत नाही. खाली ठेवावे तर नदी, माळ्यावर न्यावे तर वर आकाश. गोठ्यावर छप्पर होते, पण गोठा घराहून सखल जागी. आम्ही बियाणे दोन पोत्यांत भरून माळ्यावर चढवले आणि वर प्लास्टिक बांधले. ते वाऱ्याने नेले. पत्नी एका पोत्यावर पदर पसरून बसली. दुसऱ्यावर मी घोंगडी घालून बसलो.

"अवो, लावा ना त्या वादळाला फोन," ती म्हणाली. "सांगा, इथं डोंगर हाय, मागं फिर."

मी घोंगडीच्या कडा पोत्याखाली खोचल्या.

पाच पावलांच्या त्या जागेत दोन दिवस गेले. भिजलेले पोहे खाल्ले. पलीकडच्या काठावर मजूर येऊन हात हलवीत. त्यांचे शब्द पोचत नसत. मुलाचा फोन लागत नव्हता. लागला असता तरी मी काय सांगणार होतो?

गुरुवारी पाणी ओसरले. अंगणातली कौले वाहून गेली होती; गोठ्यावरची तेवढी टिकली होती. पोती सोडली, तर आतून ऊब आली. दाण्यांना मोड फुटले होते.

मोड आलेले बियाणे पेरावे किंवा टाकावे. आमच्या घरी पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबावर, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, कोरडे भात पेरतात. मोडाचे भात चिखलात फेकण्याला मी जन्मभर आळशांचे काम म्हणत आलो.

"चिखल तयार हाय. फेका," पत्नी म्हणाली.

"पावसाला अजून तीन आठवडे हायेत. मरंल सगळं."

"नदी कुठं पळाली काय? कळशी हाय, तुमी हाव."

मी फेकले. मग सकाळ-संध्याकाळ वाहत्या फाट्यावरून कळशीने पाणी आणले. त्यामुळे नवी कौले आणायला जाणे झाले नाही. एका माणसाला दोन्ही कामे होईनात. पाऊस लागला तेव्हा रोपे वीतभर झाली होती, आणि आम्ही दोघे गोठ्यात राहत होतो.