कोठ्यातली चूल

आमच्या गुरांच्या कोठ्यावर दोडक्याचा वेल चढवलेला असे. भादव्यात तो कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, इतका पसरायचा की खालून दोडके दिसत नसत, वर चढूनच तोडावे लागत. मी तेव्हा आठेक वर्षांची होते आणि अंगाने हलकी, म्हणून ते काम माझ्याकडे आले होते. पावसाने छपराचा एक वासा आतून कुजला होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मी नेमका त्याच्यावर पाय दिला आणि कवेलूंसकट आत, गव्हाणीच्या दगडी काठावर पडले.

पडल्यावरचे दुखणे आठवत नाही. गाय दावे ताणून मागे सरकली ते आठवते, आणि माझा उजवा पाय गुडघ्याखाली जिथे वळायला नको तिथे वळला होता ते आठवते. ओरडली ती माय, कोठ्याच्या दारात येऊन. एकदाच ओरडली. मग तिने मला उचलले नाही, माझ्याजवळ बसून राहिली आणि शेजारच्या काकीला हाक मारून म्हणाली, "यायले बलावा. बांधीत आहेत. म्हना, पोरगी पडली." बाबा तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होते.

आमचे गाव चिचगडकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगलाला लागून होते. स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती, पण आमच्या नाल्यावर पूल झाला नव्हता. नाला भरून वाहू लागला की बैलगाडी मोटाररस्त्यापर्यंत पोचत नसे. गोंदियाला मोठा दवाखाना आहे, तिथे आतल्या हाडाचा फोटो काढतात, असे बाबांनी बाजारात ऐकले होते. ते धावत आले, माझा पाय पाहिला, नाल्यावर जाऊन पाणी पाहिले आणि परत आले. मग जंगलाकडच्या टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, जो म्हातारा हाडे बसवायचा, त्याला आणायला गेले.

हा म्हातारा बैलांचीही हाडे बसवायचा आणि माणसांचीही. उंच, तंबाखू चघळणारा आणि सतत बोलणारा माणूस होता. येताना वाटेतच त्याने बांबू तोडून घेतला होता. मला छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, खाटेवर निजवले होते. त्याने माझ्या पायावरून बोटे फिरवली आणि मायला सांगितले, "पोरीचं डोस्कं धरा." मग बाबांकडे वळला. "तुम्ही बाहेर जा."

"मी काऊन बाहेर?"

"तुम्ही पोरीपेक्षा जास्त घाबरून राहिले."

बाबा अंगणात गेले. म्हाताऱ्याने मला विचारले, दोडके किती तोडले? मी आठवून सांगू लागले, आणि तेवढ्यात त्याने पाय ओढला. त्यानंतरचा काही वेळ माझ्याजवळ नाही. शुद्ध आली तेव्हा तो हिरवा लगदा पायावर थापत होता. हाडसांधी नावाचा वेल असतो, चौकोनी कांड्यांचा, कांड्याला कांडे जोडलेला. तो वाटून त्यात उडदाचे पीठ कालवले होते. त्यावर मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी, त्यावर तासलेल्या बांबूच्या कमच्या, आणि वरून घट्ट दोरी. माझ्या बोटांना चिमटा काढून त्याने विचारले, "कळते का?" कळत होते. तो खूश झाला.

निघताना त्याने खाण्यापिण्याचे सांगितले. "दूध द्या. उडदाचं वरण द्या. आन् केकड्याचा रस्सा. रोज नाही जमला तं एक दिवसाआड. हाडाले तेच लागते."

बाबा म्हणाले, "आमच्या घरी ते चालत नाही. कंठी आहे."

"तुमच्या घरी चालत नाही, आन् पोरगी तं चालली पाहिजे," म्हातारा म्हणाला. "पाहा बा तुम्ही. मी सांगाचं काम केलं."

कंठी म्हणजे तुळशीच्या मण्यांची माळ. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी बाबा तापाने फार आजारी पडले होते. त्यातून उठल्यावर त्यांनी छत्तीसगडाकडून येणाऱ्या एका गुरूकडून ती गळ्यात घालून घेतली होती. ज्याच्या गळ्यात कंठी, त्याच्या घरात मांस-मासळी शिजत नाही. मायचे माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळचे. ती मासळीवर वाढली होती. बाबांच्या गळ्यात कंठी आली त्या दिवशी मासळीचे भांडे घरातून गेले. मायला कोणी विचारले नाही. तसे विचारायची रीतही नव्हती. मी जन्मले ती त्यानंतर, त्यामुळे तिने मासळी खाल्लेली मी पाहिली नव्हती.

रश्श्याखेरीज जे जे कोणी सांगितले ते सगळे बाबांनी केले. गावात प्रत्येकाकडे एक औषध होते. कोणी जंगलातली लाख आणून दिली, ती कुटून दुधातून द्यायची. कोणी जवसाचे पोटीस सांगितले. कोणी मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल आणले. हाडसांधी आणायला बाबा पावसात स्वतः जंगलात जात. घरात दूध तापले की पहिले माझ्याकडे येई. त्यांनी कशात कसूर केली असे मी म्हणणार नाही. पण माझी सूज हवी तशी उतरत नव्हती, अंग कसकसत होते आणि उडदाच्या वरणाचा मला वीट आला होता. मी पेला तोंडाला लावून तसाच परत द्यायची. माय पेला घेऊन आत जायची.

एके दिवशी बाबा दुपारी शेतावर गेले तशी माय काकीला घेऊन मागच्या वाटेने बाहेर पडली. परत आली तेव्हा लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते आणि टोपलीवर पळसाची पाने झाकलेली होती. पानांखाली काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता.

छपरीतून कोठ्याचे दार समोर दिसे. मायने आत तीन दगड मांडून चूल केली. जिथून मी पडले ते भोक अजून बुजवले नव्हते, धूर तिथून वर गेला. खेकडे तिने काकीच्या पाट्यावर ठेचून आणले, पाण्यात कालवून फडक्याने गाळले, आणि ते पाणी लसूण, हळद, मिरची घालून काकीकडच्या मातीच्या गाडग्यात उकळले. मोठ्या नांग्या त्यात तशाच अख्ख्या टाकल्या. मग पळसाच्या द्रोणात माझ्यासाठी रस्सा आणला.

"पी."

मी प्यायले. आजवर मी असले काही तोंडात घेतले नव्हते. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, पण मी आणखी मागितला. तिने आणून दिला.

मग ती कोठ्याच्या दारात माझ्याकडे पाठ करून बसली आणि दगडाने नांग्या फोडून खाऊ लागली. फोडायची, चोखायची, कवच बाजूला ठेवायची. घाई करत नव्हती. सगळे संपल्यावर तिने कवचे उकिरड्यात पुरली, राखेने हात घासले, लिंबाचा पाला हातावर चोळला आणि घरात जाऊन बाबांसाठी भात टाकला.

एवढे करूनही वास लपला नाही. बाबा अंगणातच थांबले.

"काय शिजवलं?"

"केकडे."

"कुठं?"

"कोठ्यात."

"मले विचारलं नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं. मंग तुमचं म्हननं मोडा लागलं असतं. आता काही मोडलं नाही."

"गाईच्या कोठ्यात?"

"गाईनं काही म्हटलं नाही."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी छपरीच्या कोपऱ्यात, माझ्या खाटेजवळ, आपली वेगळी चूल मांडली आणि आपला भात आपण शिजवू लागले. मायने त्यांना अडवले नाही आणि मदतही केली नाही. त्यांना भात येत नव्हता. कधी खाली लागायचा, कधी पेजेसारखा व्हायचा. तसाच मीठ घालून ते खात. माय कोठ्यात, बाबा छपरीत आणि घरातली चूल बहुतेक वेळ थंड, असे आमचे दिवस चालले होते. शेजारपाजारी पाहत होते. दोघे एकमेकांशी कामापुरते बोलत. भांडण असे झालेच नाही.

भात शिजेपर्यंत बाबा माझ्याजवळ बसत. एरवी ते फारसे बोलणारे नव्हते, पण लाकडे सारता सारता एकदा आपणहून सांगू लागले. खेकड्याचे बीळ कसे ओळखायचे? तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या पडल्या असतील तर आत खेकडा आहे. बिळाचे तोंड गुळगुळीत असेल तर हात घालायचा नाही, आत साप असतो. लहानपणी गावातली पोरे त्यांना पुढे करायची, असे म्हणाले.

"तुम्ही खात होते?" मी विचारले.

"खात होतो ना. तेव्हा कंठी कुठं होती?" आणि ते भात पाहू लागले.

पुढे काकी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि मायला एकटीला जावे लागले. एका खेकड्याने तिचे बोट असे धरले की नख काळे पडले. बोट पिकून हात मनगटापर्यंत सुजला. तिला पदर खोचता येईना, बिळात हात घालणे दूरच. रस्सा बंद पडला. मी विचारले तर म्हणाली, "नाही म्हटलं ना." पुन्हा दूध आणि उडीद सुरू झाले.

एका सकाळी मला जाग आली तर खाटेशेजारच्या खुंटीवर बाबांची कंठी टांगलेली होती. मी ती कधी त्यांच्या गळ्याबाहेर पाहिली नव्हती. बाबा घरात नव्हते. उन्हे वर आल्यावर ते आले, कोपरापर्यंत चिखल, आणि हातात दुपट्ट्याचे गाठोडे हलत होते. त्यांनी ते कोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवले. माय अंगण झाडत होती. तिच्याकडे न पाहता म्हणाले, "इथं ठेवलं." मग विहिरीवर जाऊन बादलीमागून बादली अंगावर ओतून घेतली, ओल्या अंगाने छपरीत आले आणि कंठी गळ्यात घातली.

मायने डाव्या हाताने चूल पेटवली. तिचे बोट बरे होईपर्यंत बाबा अधूनमधून तसे गाठोडे आणत राहिले. भात मात्र आपलाच शिजवत होते.

धान पिवळे पडू लागले तेव्हा म्हातारा आला आणि त्याने कमच्या सोडल्या. आतला पाय माझा वाटत नव्हता, बारीक, पांढुरका, खपल्या धरलेला. त्याने हाडावरून अंगठा दाबत नेला आणि म्हणाला, "बसलं. मी बसवलं तं बसनारच." खेकड्यांचे त्याने विचारलेही नाही. टोळीचे तेल चोळायला सांगून तो काकडी खात निघून गेला. मी आधी भिंत धरून, मग काठी घेऊन चालायला शिकले. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, मात्र बाबांनी खांद्यावर बसवून नेले, कारण वाट लांब होती. तिथे त्यांनी मला चिवडा घेऊन दिला आणि मायसाठी बांगड्या घेतल्या.

हिवाळ्यात गुरू आले. बाबांनी त्यांना सगळे सांगितले, कंठी खुंटीवर ठेवल्याचेही. मी तिथेच होते. गुरूंनी मला अंगणात चालून दाखवायला सांगितले. मी चालले. त्यांनी वाकून माझा पाय पाहिला. मग बाबांना म्हणाले, "अब घर में चूल्हा एक करो." त्या संध्याकाळी बाबा मायच्या हातचे जेवले. छपरीतली चूल मोडली. कोठ्यातली कोणी मोडली नाही. दर पावसाळ्यात माय चार-दोन वेळा तिथे गाडगे चढवायची आणि मला बोलवायची. बाबा त्या दिवशी शेतावरून उशिरा येत.

पाय पुढे कामाला आला. किंचित बाहेरच्या बाजूला पडतो, एवढेच राहिले. हाड लाखेने जुळले, हाडसांधीने, रश्श्याने, की नुसते पडून राहिल्याने, हे मला सांगता येणार नाही.

लग्नासाठी पाहुणे आले तेव्हा मला अंगणातून चालवले गेले. बाबांनी छपराची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. पाहुण्यांची हरकत नव्हती. मायने मध्यस्थ बाईला मागच्या दारी नेऊन एकच गोष्ट विचारली, त्या घरात मासळी शिजते का. शिजते म्हटल्यावर तिने होकार दिला.

लग्नाचे तांदूळ निवडताना मी तिला विचारले, "माय, रस्सा नसता दिला तं माझा पाय तसाच राहिला असता का?"

"जुळला असता," ती म्हणाली. "लेकराचं हाड जुळते."

"मंग तू कायले केलं?"

"म्हाताऱ्यानं सांगितलं होतं ना," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवले, कारण खडे अजून बरेच राहिले होते.