माझे व्याही आणि माझा डावा पाय

माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्या पायाकडं बघणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी चौथीत शाळा सोडली, ती पण मास्तरशी भांडून, पण माणसं मात्र लई पाहिली. पुढारी पाहिले, बंगलेवाले पाहिले, जमिनी विकून गाड्या घेणारे पाहिले आणि गाड्या विकून पायी हिंडणारेही पाहिले. असा नमुना दुसरा नाही. आमच्या मुठ्यातल्या घरी पहिल्यांदा त्यांच्या पोरीची बोलणी करायला आले, तेव्हा मी चांगला फेटा बांधून, मिशीला तेल लावून बसलो होतो. त्यांनी "सलाम" केला, त्यांच्यात तसंच म्हणतात, आणि फेट्याकडं ढुंकूनही न बघता म्हणाले, "पाव्हणं, टाचा फार फुटल्यात तुमच्या. निजताना खोबरेल लावत जा." बोलणी राहिली बाजूला. माझ्या भावकीतली चार जाणती माणसं वाकून माझ्या टाचा बघायला लागली.

व्याही मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. जन्मभर एका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या. बायको गेली, नोकरी संपली, मग पोरीच्या जवळ असावं म्हणून आमच्या तालुक्यातल्या चांद्याला दोन खोल्यांत येऊन राहिले. पोरगी हिंजवडीला कंपनीत, माझा पोरगा त्याच कंपनीत. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी तीन महिने पोराशी बोललो नाही. लोकांना वाटलं धर्मामुळं. ते खोटं. मला न विचारता ठरवलं, ह्याचा राग होता. विचारलं असतं तरी नाही म्हणालो असतो, तो भाग वेगळा.

व्याह्यांच्या मोपेडला मागं एक घमेलं बांधलेलं असतं. त्यात कापूस, चिमटा, कातर, नेलकटर, जांभळ्या औषधाची पुडी आणि एक धुतलेला पंचा. हे घेऊन ते आमच्या खोऱ्यात हिंडतात. लवाशाच्या रिकाम्या इमारतींवर राखण करणारी परमुलखातली पोरं बूट घालून घालून पाय कुजवून घेतात, त्यांच्याकडं जातात. त्यांच्याशी व्याही जी हिंदी बोलतात ती ऐकून ती पोरं दुखणं विसरतात. वरच्या कातकरी वाडीवर जातात. तिथं मी एकदा कामाला माणसं सांगायला गेलो होतो, तर हे खाली मातीत मांडी घालून बसलेले आणि एका म्हातारीचा पाय ह्यांच्या मांडीवर. म्हातारी पाय मागं ओढत होती. आयुष्यात तिचा पाय असा कुणी धरला नव्हता.

"काय इकतुयास रं तू?" म्हातारी म्हणाली.

"काय नाही मावशी. काटा काढतोय."

"मग मत मागाया आलायस?"

"नाही."

"फुकट कोन पायाला हात लावतोय का?"

"माझ्या मालकानं स्वतः लोकांचे पाय धुतले होते. मग मी तर त्याचा नोकर."

म्हातारीनं थोडा विचार केला. "बरा दिसतुया तुझा मालक. पगार देतो का येळेवर?"

"लई देतो," व्याही म्हणाले आणि काटा काढून तिच्या तळहातावर ठेवला. म्हातारीनं तो अख्ख्या वाडीला दाखवला.

दुसरी खोड जेवणाची. आमच्यात ताट आलं की माणूस जेवतो. हे आधी डोळे मिटून प्रार्थना करतात, आणि ती आपली दोन शब्दांत उरकतील तर शपथ. जेवण रांधणारीसाठी, भात लावणाऱ्यांसाठी, बसच्या ड्रायव्हरसाठी, आमच्या व्यालेल्या म्हशीसाठी, सगळ्यांसाठी नावानिशी मागतात. भाकरी पार वातड होते. एकदा त्यात माझ्या चुलतभावाचं नाव आलं. बांधावरून आमचा वीस वर्षांचा वाद, हे सगळ्या मुठा खोऱ्याला ठाऊक. मी डोळे उघडले.

"त्याच्यासाठी कशाला मागताय? माझ्या घरात बसून?"

"त्यांचा गुडघा सुजलाय."

"सुजू द्या की. चांगला सुजू द्या."

"व्याहीबुवा, तुमच्यासाठी मागायला तुम्ही स्वतः खमके आहात. त्यांच्यासाठी कोण मागंल?" असं म्हणून पुन्हा डोळे मिटले. मी भाकरी मोडून खायला लागलो. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, माझ्याकडं अशी बघत होती की मी घास परत ताटात ठेवला.

त्यांच्या मंडळीतसुद्धा ह्यांचं फार पटत नाही. मंडळी म्हणजे त्यांचं देवळातलं माणूसबळ. उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, त्याच्या आदल्या दिवशी तिथं पाय धुण्याचा विधी असतो. पाळक कमरेला पंचा गुंडाळतात आणि बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. सूनबाईच्या आग्रहानं मीही एकदा मागं बसून पाहिलं. ते बारा जण घरून पाय घासून, नखं कापून, पावडर लावून आले होते. एकाच्या पायाला तर अत्तराचा वास येत होता. व्याही बारावे. ते उठले, हात जोडून म्हणाले, "पाळकसाहेब, धुतलेले पाय काय धुवायचे? न धुतलेले मी घेऊन येतो." आणि खरंच समोरच्या बांधकामावरून सिमेंटनं माखलेले चार गवंडी घेऊन आले. पाळक भले माणूस, त्यांनी धुतले. पण पांढऱ्या झग्यावर जे डाग पडले ते गेले नाहीत म्हणतात, आणि तेव्हापासून बाराव्या खुर्चीवर व्याह्यांना कुणी बोलवत नाही.

हे सगळं लांबून बघायला गमतीचं. माझं त्यांचं फाटलं ते लग्नात. मी वरबाप. आमच्यात पोरीचा बाप नवऱ्या मुलाचे पाय धुतो, वरबापाच्या पाया पडतो, टॉवेल-टोपी करतो. मान असतो तो. व्याह्यांनी माझ्या पोराचे पाय धुतले, छान धुतले, बोटांच्या बेचक्यातून पुसले. मग मी धोतर सावरून पाय पुढं केला, तर घमेलं घेऊन हे मंडपाच्या मागं. तिथं सकाळपासून चुलाणावर उभ्या असलेल्या आचाऱ्याचे पाय धुतले. त्याच्या वाढप्याचे धुतले. हलगीवाल्याचे धुतले. ते झाल्यावर हसत माझ्याकडं आले. म्हणजे आचाऱ्याच्या नंतर वरबाप. मी पाय वर खुर्चीत घेतले आणि चार लोकांदेखत सांगितलं, "माझ्या पायाला ह्या जन्मात तुमी हात लावायचा न्हाई." त्यांनी मान हलवली आणि उरलेलं पाणी तुळशीजवळ नेऊन ओतलं. शब्द मी पाळला. सहा वर्षं पाळला.

मागच्या दिवाळीनंतर भात कापणी चालली होती. आंबेमोहोर उभा होता आणि माणसं मिळेनात, म्हणून मीच विळा घेऊन उतरलो. डाव्या पायाच्या करंगळीखाली भाताचं धसकट घुसलं. मला शुगर आहे, तळव्याला समजच कमी, घुसल्याचं संध्याकाळी रक्त पाहिलं तेव्हा कळलं. हळद भरली, चिंधी बांधली. पौष आला तरी जखम मिटेना. करंगळी काळी पडली. वास यायला लागला तसा मी ओसरीवर एकटा झोपायला लागलो, म्हातारीला म्हटलं आत उकडतं. पौषात. मला ठाऊक होतं काय होतंय. आमच्या आळीतल्या एकाचा असाच घोट्यापासून पाय काढला होता, आणि त्याला सोसायटीच्या मीटिंगला पोरांनी उचलून आणताना मी पाहिला होता. मला उचलून कुणी कुठं न्यावं, त्यापेक्षा मी पायासकट मेलेलं बरं, असं मी ठरवलं होतं.

सूनबाईनं शनिवारी येऊन ओसरीवर केर काढला, तिला वास आला आणि तिनं सरळ बापाला फोन लावला. व्याही येणार हे कळल्यावर मी पोराचे पळायचे बूट शोधले, त्यात पाय कोंबला, लेस आवळून बांधल्या आणि खुर्चीत ताठ बसलो.

व्याही आले. बघायचं तिथंच बघितलं.

"बूट नवीन का?"

"पोराचं हायेत. बसत्यात का बघतोय."

"घरात?"

"घर माझं, पाय माझं."

"बरोबर आहे," म्हणाले आणि खाली जमिनीवर बसले. च्या नको, पाणी नको. तासभर बसले. मग उठले, टोपी काढली, हात जोडले. "व्याहीबुवा, लग्नात माझ्याकडून चूक झाली. तुमचा मान करायचा राहिला. मुलीचा बाप म्हणून मी तुमच्या पाया पडायला पाहिजे होतं. आज पडू द्या."

सूनबाई दारात, पोरगा दारात, आमची म्हातारी चुलीपाशी. सहा वर्षं मी ह्या शब्दांची वाट बघत होतो. नाही कसं म्हणणार? मी छाती पुढं काढली, दोन्ही पाय सारखे केले आणि आशीर्वादाला हात वर उचलला. व्याही वाकले, डोकं बुटाला लावलं. मी म्हणालो, "असू द्या, असू द्या." तर डोकं काही वर येईना. आणि माझा हात तसाच हवेत असताना डाव्या बुटाची लेस सुटली, बूट निघाला, मोजा निघाला. जन्मभर ड्रेसिंग केलेला हात. मला कळलंसुद्धा नाही.

वास घरभर झाला. दारातलं कुणी हललं नाही. मी म्हणालो, "लांब व्हा. वास येतोय."

"माझं नाक कधीच गेलंय, व्याहीबुवा," ते म्हणाले. खोटं बोलले. अंगणात पाय ठेवताच त्यांना कळलं होतं. आयुष्यात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे एकच खोटं.

मग त्यांनी पाय धुतला. का लपवलंत, असंही विचारलं नाही. मग सांगितलं, उद्या पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचं.

"कापत्याल," मी म्हणालो.

"कापतो म्हणाले तर मी भांडतो."

"तुमाला भांडाया येतंय का?"

"नाही. पण सहा वर्षं तुमच्या संगतीत काढली, थोडं आलं असंल."

डॉक्टरीण तरणी पोर होती. इथून काढावा लागेल म्हणून तिनं बोट घोट्याच्या वर ठेवलं. व्याही तिच्याशी भांडले नाहीत, कसले भांडतायत. हात जोडून म्हणाले, "बाई, करंगळी घ्या आणि मला महिनाभर द्या. मी ड्रेसर आहे. रोज दोनदा करीन." तिनं त्यांच्या हातांकडं बघितलं, पायाचे काढलेले फोटो पुन्हा बघितले, रक्त तपासलं आणि म्हणाली, आठवड्याला दाखवा, एक दिवस चुकला तर मी ऐकणार नाही.

एकही चुकला नाही. चांद्याहून मुठ्यापर्यंत, थंडीत, त्या फटफट करणाऱ्या मोपेडवर. सकाळची पट्टी करायचे, दुपारी आमच्या ओसरीवर पडायचे, संध्याकाळची करून जायचे. पट्टी करताना देवाची गाणी म्हणायचे, गळा असा की म्हैस पान्हा चोरायची. मी ओरडायचो, टोचलं, आवळलं, तुमाला काय येतंय का. ते म्हणायचे, "ओरडा. ओरडणारा पाय जगतो." महिन्याचे अडीच महिने झाले. करंगळी गेली, पाय राहिला. मी त्याच पायानं चालत शेतावर गेलो आणि बांधावर उभा राहून चुलतभावाला शिवी दिली. त्यानं पण दिली. बरं वाटलं.

आता खरं सांगतो. मी वाट बघत होतो की व्याही कुठंतरी फुशारकी मारतील, मग मीही दोन बोलीन आणि फिटंल सगळं. नातीच्या बारशाला भरल्या घरात एकानं विचारलं, पाय कसा काय वाचला ओ? मी व्याह्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "व्याहीबुवांचं रक्तच दांडगं." लोक हसले, मला म्हणाले वा. आणि मी मिशीवर हात फिरवला. पाय ह्यांनी वाचवला, एवढं म्हणायचं ते राहिलं. तो घास अजून उतरला नाही.

परवा चांद्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, वाटेत जुळवलं पण होतं. दार उघडं, व्याही खाटेवर झोपलेले. पाय उघडे. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय कधी पाहिले नव्हते. काळे पडलेले, टाचांना बोट जाईल अशा भेगा, अंगठ्याचं नख वाकून मांसात शिरलेलं. डोळ्याला आता मोतीबिंदू, गुडघ्यानं वाकवत नाही, स्वतःच्या पायापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. घमेलं कोपऱ्यात होतं. मी खाटेजवळ बसलो. हात पुढं नेला. दारासमोरून कुणीतरी गेलं आणि माझा हात मागं आला.

तेवढ्यात ते जागे झाले. "कधी आलात?"

"आत्ताच."

मग मी तांदूळ कसा उतरला ते सांगत बसलो. त्यांनी भिंत धरत धरत उठून चहा केला. माझा बिनसाखरेचा, त्यांचाही बिनसाखरेचा.

"तुमाला कशाला असला? तुमाला कुटं शुगर हाय?"

"पट्टी करायला यायचो तेव्हा तुमच्यासंगं घेत होतो. तुम्हाला एकट्याला कडू वाटू नये म्हणून. आता सवय झाली."

मी चहा संपवला. कप उचलले, त्यांचाही उचलला आणि मोरीत नेले. ते नको नको म्हणत राहिले. जन्मात कधी कप धुतला नव्हता, साबण किती घ्यायचा ते कळंना. एकाचा कान निघाला माझ्या हातात. मी दोन्ही पुन्हा एकदा धुतले, पुसले, फळीवर पालथे घातले आणि बसची वेळ झाली तरी तिथंच उभा राहिलो.