तोंडं माझ्याकडे

१२ जून १९९८. शाळा उघडायच्या आत आठ कॉम्प्युटरना खोळी शिवायच्या होत्या. कापड म्हणजे साड्यांचे उरलेले तुकडे, गुलाबी आणि मोरपंखी. ट्रस्टी जयंतीभाईंनी ओळखीच्या दुकानातून पाठवलेले. मी शिवणयंत्रावर होते. निकमबाई कात्री घेऊन समोर बसल्या होत्या. शेजारी जागा होती, पण निकमबाई कुणाच्या शेजारी कधी बसत नसत. शिक्षकांच्या खोलीतही त्या खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडे.

"नवरीलासुद्धा इतकं झगझगीत घालत नाहीत गं, सुलभा," त्या म्हणाल्या. मग कापडाचा चौकोन हातात फिरवत राहिल्या. "आणि याचं तोंड कुठलं, पाठ कुठली?"

समोर बसण्याचं कारण शाळेत मला एकटीला माहीत होतं. निकमबाईंना ऐकू येत नव्हतं. कमी नव्हे, जवळजवळ नाहीच. लग्न होऊन त्या धुळ्याकडून सुरतेला आल्या आणि कतारगामात मागांच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत राहिल्या. दिवसभर मागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि मधल्या वेळात अभ्यास करायचा, असं करत त्या शिक्षिका झाल्या. तोवर मागांनी कान नेले होते. एकदा मी मागून चार हाका मारल्या आणि त्या चालतच राहिल्या. पुढे जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"कान गेले. डोळे आहेत. नवरा नाही, घर माझ्यावर आहे, तेव्हा तू हे कुणाजवळ बोलू नको."

मी बोलले नाही. बोलायचं कारणही नव्हतं, कारण पहिलीचा वर्ग त्यांच्याइतका चांगला कुणालाच जमत नव्हता. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, कारागीर ओठांवरून बोलणं ओळखतात. डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेतली निम्मी मुलं असल्याच घरांतली. आई-बापाच्या ओठांकडे बघणं त्यांना अक्षरांच्या आधी येत असे. निकमबाईंनी त्याचाच धडा केला होता. "मन्हाकडे देखा," असं अहिराणीत म्हणून त्या आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या. मुलांनी शब्द ओळखायचा.

पाणी म्हटलं की एखादी पोर हमखास 'बाणी' म्हणे. ओठ दोन्हींना सारखेच मिटतात. सगळा वर्ग हसे. मग बाई गळ्यावर हात ठेवायच्या. मुलंही आपापल्या गळ्यावर हात ठेवून 'प' आणि 'ब' म्हणून बघायची. 'ब'ला हाताखाली गुणगुणतं, 'प'ला नाही. तेवढ्यात दोन अक्षरं पक्की. त्यांच्या वर्गात गोंगाट फार होतो अशी तक्रार होती. "मुलं आहेत, पोती नाहीत," त्या म्हणायच्या. त्यांना तो गोंगाट ऐकू येत नव्हता, दिसत होता.

त्या जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं: पहिलीपासून कॉम्प्युटर. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघत होत्या आणि आमची मुलं तिकडे चालली होती. जयंतीभाईंचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मात्र खोली बघितली तेव्हा मी दारातच थांबले. वायरमनने टेबलं तिन्ही भिंतींना लावून खिळ्यांनी ठोकली होती, कारण वीज भिंतीत होती. म्हणजे सगळ्या मुलांची तोंडं भिंतीकडे आणि पाठी बाईंकडे.

मी जयंतीभाईंना म्हटलं, टेबलं मधे घ्या.

"बेन, वायर पायात येईल. कोणी पडलं तर?" ते म्हणाले.

धुळीसाठी खिडक्यांना काळा कागद लावला होता. नारळ फुटला, आठही पडद्यांना कुंकू लागलं. हेतल नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा शिकवायला येणार होती, बाकीच्या दिवशी सीडी लावायची आणि वर्गाच्या बाईंनी लक्ष ठेवायचं. सीडीतला आवाज हिंदीत विचारी, यह क्या है? बरोबर बटण दाबलं की टाळ्या वाजत. हेतलने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली: "मॅडम, सीधा स्विच कभी बंद नहीं करना. मशीन बिगड जाएगी."

निकमबाईंनी पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "याला ओठच नाहीत," त्या मला म्हणाल्या.

"बाई, हेतलला सांगू का, तुमचा तास तीच घेईल?"

"कसाले? विचारतील ना, का म्हणून. होईल गं."

झालं नाही. दिवाळीच्या सुमाराला मला फरक दिसायला लागला. वर्गात परत आल्यावरही मुलं बाईंच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. ओठ हलले की ती थांबून राहत, कुठून तरी आवाज येईल म्हणून. उत्तर दिलं तरी खाली बघून देत, ते बाईंना कळत नसे. त्यांचा वर्ग शांत होत चालला होता. मुख्याध्यापक खूश झाले. "निकमबाई, आता कशी शिस्त लागली," असं त्यांनी सर्वांसमोर म्हटलं. बाई त्यांच्या ओठांकडे बघून हसल्या आणि नंतर मी दिलेले पोहे न खाता तसेच ठेवून उठल्या.

जानेवारीत एका दुपारी मी शेजारच्या खोलीत सातवीला भूमिती शिकवत होते. भिंतीपलीकडून "बाई" अशी हाक आली. मग दोन हाका. मग सगळी मुलं एकदम ओरडायला लागली. मी धावले. कोपऱ्यातल्या पॉइंटमध्ये वायरमनने पिन न लावता उघड्या तारा काडीने खोचल्या होत्या. तिथून ठिणग्या उडत होत्या. मनीषा नावाची पोर हात पोटाशी धरून जमिनीवर बसली होती. समोरच्या भिंतीशी निकमबाई वाकून एका मुलीला माउस कसा धरायचा ते दाखवत होत्या. त्यांची पाठ होती. त्या हसत होत्या.

मी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला तेव्हा बाई वळल्या.

मनीषाचा तळवा भाजला होता. पुढे बरा झाला. जयंतीभाई तासाभरात आले. त्यांच्या तोंडात कायम मावा असे. तंबाखू-सुपारीने गाल भरलेला, ओठ मिटलेले, वर हाताचा आडोसा. तसेच ते बाईंना म्हणाले, "बेन, छोकरां बूमो पाडतां हतां, तमने संभळायुं नहीं?"

मुलं ओरडत होती, तुम्हाला ऐकू आलं नाही?

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे, पण मी काही म्हणायच्या आत त्या वळून म्हणाल्या, "हो, वायरमनला बोलावलंय."

जयंतीभाईंनी बाहेर जाऊन थुंकलं आणि परत येऊन तोच प्रश्न स्वच्छ तोंडाने, सावकाश विचारला. ते वाईट माणूस नव्हते. यावेळी बाईंना कळला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

संध्याकाळी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. नोकरी सोडून त्या कामरेजला लेकीकडे राहायला जाणार होत्या. मी म्हटलं, मी जयंतीभाईंशी बोलते, दुसरं काही काम देतील.

"पोरीचा हात भाजला, सुलभा. मी तिथंच होते." मग पायरीवर थांबून, उजेडात माझं तोंड दिसेल असं उभं राहून म्हणाल्या, "त्यांची तोंडं फिरव."

"टेबलं ठोकलेली आहेत, बाई."

"मी टेबलांचं म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. कोपऱ्यातलं टेबल सोडून बाकीच्या मशीन सुरू होत्या. मी दारात उभी राहिले आणि आवाज न काढता ओठांनी म्हटलं, उठा. जूनमध्ये याच मुलांनी दारात कुणी आलं की आधी वळून तोंडाकडे बघितलं असतं. एकही मान वळली नाही. सगळ्या पाठी तशाच होत्या आणि सीडीतून टाळ्या वाजत होत्या.

मी मेन स्विच बंद केला.

अंधारात सगळी मुलं वळली. मी दार पूर्ण उघडलं, उजेड माझ्या तोंडावर येईल असं, आणि नुसते ओठ हलवून म्हटलं, पाणी. बराच वेळ सगळी बघत राहिली.

"बाणी," मागून कुणीतरी म्हणालं.

कुणी हसलं नाही. मी गळ्यावर हात ठेवला.