लुबनाच्या फोनमधली मापं

चांदूर बाजारात लुबनासारखी शिलाई कोणाची नव्हती, आणि तिच्यासारखी तोंड बंद ठेवणारीही कोणी नव्हती. माप घेताना आकडा उच्चारायची नाही. पडद्यापलीकडे नवरा अय्युब काजं-बटणं करत बसलेला असे. माझ्या कमरेचा आकडा तिला ठाऊक होता, माझ्या सुनेला नव्हता. मापांची वही वाळवीनं खाल्ली, तेव्हा तिनं सगळी मापं फोनमध्ये घातली, सरळ नावापुढेच: पायल छाती ३६ कमर ३४.

बोंडअळीच्या वर्षी कपाशी गेली, लग्नं आटोपशीर झाली, गिऱ्हाईक घटलं. उरलेलं कहकशाँकडे वळलं. कहकशाँ तिची धाकटी जाऊ. सुई धरायला लुबनानंच शिकवलेली. आता ती फेसबुकवर ब्लाउजांचे फोटो टाकी आणि पार अमरावतीहून बाया येत.

"काज धड करता येत नाही तिले," लुबना मला म्हणाली. "गळा पाहा कसा लोंबून राहिला. अन् लोक म्हणतात, मस्त."

"जळतेस कशाला? तूही टाक."

"टाकतोच आता, मॅडम."

कहकशाँपेक्षा जास्त माणसं हवीत म्हणून तिनं एक फुकटचं ॲप घेतलं. फोनमधली सगळी नावं द्या, तुमच्या पेजला जोडून देतो, असं ते म्हणे. तिनं न वाचता तीनदा होकार दाबला.

पायल तहसीलमध्ये कारकून. तिनं नव्या साहेबांना पहिल्यांदाच फोन केला, तर त्यांच्या फोनवर तिचं नाव छाती-कमरेसकट उमटलं. ऑफिसभर झालं. ती तडक दुकानात आली.

"भाभी, माझं माप साहेबाले कावून सांगितलं?"

"अल्ला कसम, मी कोणाले बोललो नाही."

"तुमी नाही. तुमच्या फोननं सांगितलं."

मी ॲपचे नियम वाचले. फोन कोणाचा येतोय हे दाखवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला आम्ही नावं देऊ, असं त्यात लिहिलेलंच होतं. आता ॲप काढून उपयोग नव्हता. जिचा नंबर, तिनंच अर्ज करून नाव पुसायचं. पहिलं मी माझं पुसून घेतलं.

लुबना घरोघरी जाऊन सांगत फिरली. निम्म्या बायांनी शिवायला दिलेलं कापड परत मागितलं. पायल पुन्हा आली नाही.

सांगायचं एकच नाव उरलं: कहकशाँ छाती ४२ कमर ४०.

"तिला कधी सांगणार?"

"सांगतो ना. सध्या लई फोन करून राहिली गिऱ्हाइकायले. घाई काय हाये?"

दोन महिने झाले, तिनं सांगितलेलं नाही. मीही नाही.