चादरीखालची बाई

आमचं संगीत नाटक सहा वर्षं चाललंय, आणि त्यात मी दर प्रयोगाला पाचव्या मिनिटाला मेलेय. नवरा बायकोचा गळा दाबतो, कोर्टात उभा राहतो, पेपरात फोटो येतो आणि बघता बघता लई मोठा माणूस होतो, अशी गोष्ट. गळा दाबला की मी स्टेजच्या मधोमध पडायचं, अंगावर पांढरी चादर, आणि अंक संपेपर्यंत हलायचं नाय. माझ्याभोवती कोरस नाचायचा. ती चादरसुद्धा मीच शहागंजच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली. बजाजनगरहून कंपनीतली ड्युटी उरकून, दोन रिक्षा बदलून मी मरायला जायची. तक्रार नव्हती. मेलेलं पडून राहणं सोपं नसतं, एकदा शिंक दाबून बघा.

सगळ्यात जास्त हशा घेणारं गाणं पत्रकारांचं. ते विचारतात, बायकोचं नाव काय? पेटी थांबते, नवरा डोकं खाजवतो आणि म्हणतो, विसरलो. शिट्ट्याच शिट्ट्या. खोटं कशाला बोलू, चादरीखाली मलाही हसू यायचं. संहितेतही माझ्या पात्रापुढं नुसतं 'बायको' लिहिलेलं.

मग वैजापूरला दुपारचा प्रयोग झाला. मी तोंडाचा रंग पुसत होते, तेवढ्यात एक म्हातारी आत आली. जावयानं माझ्या लेकीला जिवे मारलं, हे तिनं खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगितलं. मेंढरं राखणारी माणसं. कोर्टाच्या तारखेला जावं तर जावयाभोवती मोबाईल धरून गर्दी. तो जामिनावर सुटला तेव्हा पोरांनी हार घातले. लेकीचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाय, जो तो 'त्याची बायको' म्हणायचा. आपल्या लेकीसारखंच नाटक आहे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती आली होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "माय, तुमी तर तिथंच पडल्या व्हत्या. त्यो नाव इसरलो म्हनला, तवा तुमी का नाय सांगितलं?"

मावशी, मी मेलेली असते, असं म्हणणार होते. त्याऐवजी मी तिच्या लेकीचं नाव विचारलं. तिनं ते दोनदा सांगितलं, मी विसरीन म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकांना गाठलं. म्हटलं, सर, त्या बाईला एखादं नाव द्या, कुणीतरी एकदा घेऊ दे. सर म्हणाले, हा उपहास आहे, लोक स्वतःवर हसतात. डोंबल स्वतःवर! लोक बायकोवर हसत होते आणि त्या हशात ती आई एकटी बसली होती. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. वर सर म्हणाले, नाव दिलं तर हशा जाईल. एवढं मात्र खरं बोलले.

पुढचा प्रयोग आमच्याच शहरात होता, हाउसफुल्ल. तो 'विसरलो' म्हणाला, आणि हशा उसळायच्या आत मी चादरीखालून म्हातारीच्या लेकीचं नाव घेतलं. आडनावासकट, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. पेटीवाल्याची बोटं होती तिथंच राहिली. कुणी हसलं नाय. नवऱ्याचं काम करणारा खरंच पुढची ओळ विसरला.

नंतर सगळ्यांसमोर सर माझ्यावर बरसले. शिस्त काय, सहा वर्षांची मेहनत काय. मी माफी मागितली नाय, मला काढलं. मी वैजापूरला फोन केला. म्हातारीनं एवढंच विचारलं, समद्यांनी ऐकलं का? व्हय म्हटलं.

नाटक जोरात चाललंय. गळा आता विंगेत दाबतात आणि स्टेजवर माझ्या चादरीखाली दोन लोड ठेवतात. हशा परत आलाय. लोकांना फरकसुद्धा कळत नाय, असं सर परवा फोनवर म्हणाले. म्हटलं, बरं. रविवारी प्रयोग आहे. पडदा उघडायच्या आधी जाऊन माझी चादर तेवढी काढून आणणार आहे. उघडे लोड बघू देत लोकांना, आणि मग हसू देत.