गाजरगवतावर सोडलेला तरोटा

गाजरगवताशी माझं वैर घरगुती आहे. हिंगणीजवळच्या आमच्या पडीत रानात पूर्वी गुडघाभर गवत व्हायचं आणि बायको तिथे तिची गवळाऊ गाय चारायची. मग रानात ही पांढरी फुलं घुसली. बायकोच्या हातामानेला खाज सुटली, डोळे सुजून मिटले. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, त्या गवताच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. तेव्हापासून गाय दाव्याला, विकतच्या कडब्यावर, आणि बायको ओसरीत. रानासाठी दोघी झुरायच्या.

मी हातमोजे घालून गाजरगवत उपटलं, चाऱ्याच्या गवताचं बी फेकलं. उगवलं नाही. त्या मेल्याची पानं, मुळं कुजतानाही मातीत असं काही सोडतात की शेजारचं बी फुटतच नाही. मेल्यावरही दुसऱ्याच्या पोटावर पाय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे एका कृषी मेळाव्यात ऐकलं, पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या तरोट्यालाही, म्हणजे टाकळ्यालाही, ही विद्या येते. खात्री करायला दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर गाजरगवताचं बी पसरलं. एकीत साधं पाणी, दुसरीत तरोट्याचा पाला भिजवलेलं. पहिलीत हिरवे ठिपके आले, दुसरीत जवळजवळ काहीच नाही. त्या ताटलीसमोर बसून मी चहा प्यालो. बऱ्याच दिवसांत इतका गोड लागला नव्हता.

हिवाळ्यात रस्त्याकडेच्या तरोट्याच्या वाळक्या शेंगा पोत्यात भरताना शेजाऱ्याने हटकलं.

"काऊन जी, हे कायले भरून राह्यले? लोकं तरोटा उपटून फेकते."

"वैऱ्याच्या घरात वैरी घालून राह्यलो," मी म्हणालो.

सलग दोन वर्षं ते बी रानात टाकलं. यंदा श्रावणात जिकडेतिकडे तरोटा. गाजरगवताचं एक खुरटं रोप तेवढं उरलं होतं. ते मी उपटलं नाही. पिवळं पडून वाळेपर्यंत रोज बघायला गेलो.

मग बायकोला आणि गाईला रानात नेलं. बायकोला खाज आली नाही. तिने भाजीसाठी कोवळा पाला खुडला. गाईने मात्र तरोटा हुंगला, पुढे जाऊन पुन्हा हुंगला आणि तोंड न लावता घराच्या वाटेला लागली.

"तुमचा बदला झाला जी," बायको म्हणाली. "पण माह्या गाईनं खावं काय?"

मी घरी जाऊन विळ्याला धार लावली. तरोट्याला शेंगा धरायच्या आत गाठायचं होतं.